बाळ दूध टाकतंय : रिफ्लक्स, दुधाची ॲलर्जी आणि मधला गोंधळ

कुशीत बाळ झोपलेलं असताना हेडफोन लावायचीही सोय नसते, हे आता मला स्वानुभवाने कळलंय. म्हणून ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये मधेच आमच्या लेकीने आरोळी ठोकली आहे, ती मात्र इथे वाचता येणार नाही.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो, राहायला वाकडला. आपल्या पॉडकास्टवर एरवी आपण टेक्नॉलॉजीवर बोलतो. पण गेले काही महिने घरात एकच विषय होता, आणि त्यात मी जेवढा गोंधळलो तेवढा कुठल्याही प्रोडक्शन बगने गोंधळलो नव्हतो. तो विषय म्हणजे बाळाचं दूध टाकणं, आणि ते दुधाच्या ॲलर्जीमुळे असू शकतं का हा प्रश्न.

रात्री दोनची गोष्ट

लेक अडीच महिन्यांची असताना प्रत्येक पाजण्यानंतर दूध टाकायची. कधी तोंडाच्या कडेने ओघळ, कधी दह्यासारखं फुटलेलं, कधी माझा आख्खा टीशर्ट. घरात लाळेरी आणि दुपटी वाळत घालायला गॅलरी पुरेना. आई गावाहून आलेली. ती म्हणाली, "अरे, टाकणारं बाळ वाढतं. तूही असाच होतास." सासूबाई म्हणाल्या, हिच्या खाण्यातलंच काहीतरी बाधत असणार. एका दवाखान्यात बाळाला धड न तपासताच ॲसिडिटीचे थेंब लिहून मिळाले. आणि मी रात्री दोन वाजता मोबाईलवर वाचत बसलेला. तिथे प्रत्येक तिसरा माणूस सांगत होता, "आमच्याकडे दुधाची ॲलर्जी निघाली."

साडेतीन महिन्यांना वजनाची वाढ थोडी मंदावली. लेक दूध प्यायला सुरुवात करायची आणि मधेच कमान करून रडायची. तेव्हा मात्र आम्ही नीट बालरोगतज्ज्ञ गाठले. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण आधी मुळातलं समजून घ्यायला हवं.

दूध वर येतं कसं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचं एक कडं असतं. गिळताना ते उघडतं, नंतर मिटतं. पण अधूनमधून ते गिळल्याशिवायही काही क्षण सैल पडतं. मोठ्या माणसांतही हे होतं, त्यातूनच आपल्याला ढेकर येते. बाळाच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र येतात : अन्ननलिका आखूड, आहार शंभर टक्के पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून. त्यात पिण्याचं प्रमाण बघा. बाळ साधारण दर किलो वजनामागे दिवसाला १५० मिलीलिटर दूध पितं. हाच हिशोब ७० किलोच्या माणसाला लावला तर रोजचे साडेदहा लिटर होतात. एवढं पिऊन आडवं झालात तर तुमच्याही तोंडाशी येईल!

हे जे साधं वर येणं, त्याला रिफ्लक्स म्हणतात. चार महिन्यांच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि निम्म्याहून अधिक बाळांत दिसतं. बाळ बसायला लागतं, घन आहार सुरू होतो, तसं ते उतरतं आणि वर्षाच्या आसपास बहुतेकांचं थांबतं. बाळ हसतंय, वजन घेतंय, शी-सू नीट आहे, तर हा फक्त कपडे धुण्याचा प्रश्न आहे. आई म्हणाली ते या बाळांपुरतं अगदी बरोबर होतं.

याच रिफ्लक्सने त्रास व्हायला लागला, म्हणजे बाळ दूध नाकारतंय, वजन अडतंय, अन्ननलिकेला सूज येतेय, की डॉक्टर त्याला रिफ्लक्सचा आजार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला "गर्ड" असं नाव आहे. वर येणारं दूध तेच, पण त्याचे परिणाम वेगळे.

दुधाची ॲलर्जी म्हणजे नक्की कशाची?

गाईच्या दुधात मुख्यतः दोन गटांची प्रथिनं असतात, केसीन आणि व्हे. काही बाळांची प्रतिकारशक्ती या प्रथिनांना शत्रू समजते. हिचे दोन प्रकार आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो.

पहिला प्रकार ताबडतोबचा. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांध्या, ओठ सुजणं, उलटी, कधी श्वासाला त्रास. यात आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात, त्यामुळे रक्ताची किंवा त्वचेची चाचणी उपयोगी पडते.

दुसरा प्रकार उशिराचा. यात आयजीईचा हात नसतो. लक्षणं काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात : शीमध्ये रक्त किंवा शेम, जुलाब, उलट्या, चिडचिड, इसब. रिफ्लक्सशी नातं सांगणारा प्रकार बहुतेक वेळा हाच. आणि याच्यासाठी रक्ताची खात्रीशीर चाचणी नाही. आयजीईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे हा प्रकार नाही, असं म्हणता येत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. लॅक्टोज न पचणं ही वेगळी गोष्ट. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे, ॲलर्जी असते ती प्रथिनांची. लॅक्टोज तर आईच्या दुधातही भरपूर असतं, आणि जन्मतः ते पचवता न येणारी बाळं अतिशय दुर्मीळ. त्यामुळे "लॅक्टोज-फ्री" लिहिलेला डबा आणला म्हणजे ॲलर्जीची सोय झाली, असं नाही. त्यात गाईच्या दुधाची प्रथिनं असतातच.

दुसरी गल्लत, "गाईचं नाही सोसत तर म्हशीचं द्या, नाहीतर शेळीचं." आमच्याकडेही हा सल्ला आलाच. पण या जनावरांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीचंही बाधतं. म्हशीचं तेच. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाचा मुख्य आहार म्हणून कुठलंच जनावराचं दूध योग्य नाही.

आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय? त्याला ॲलर्जी आईच्या दुधाची नसते. आई जे दूध, दही, पनीर खाते त्यातल्या प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश, मिलीलिटरमागे नॅनोग्रॅमच्या मोजमापातला, तिच्या दुधात उतरू शकतो. बहुसंख्य बाळांना त्याने काहीही होत नाही.

मग या दोघांचा संबंध काय?

१९९६ साली इटलीतल्या सिसिलीमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तपासण्यांतून रिफ्लक्स सिद्ध झालेली २०४ बाळं त्यांनी घेतली. त्यांतल्या ८५ जणांत, म्हणजे दहामागे चौघांत, रिफ्लक्ससोबत दुधाची ॲलर्जी निघाली. हा आकडा रात्री दोन वाजता वाचला की वाटतं, झालं, आपलंही तेच. पण थांबा. ही बाळं तज्ज्ञांपर्यंत पोचलेली, तपासण्या झालेली होती. सोसायटीच्या बागेत भेटणाऱ्या, हसत-खेळत दूध टाकणाऱ्या बाळांना तो आकडा लागू होत नाही. एकूण बाळांत दुधाची ॲलर्जी फार तर दोन-तीन टक्क्यांत असते, आणि दूध टाकणारी बाळं निम्म्याहून जास्त. गणित तुम्हीच करा.

आता हे घडतं कसं? ॲलर्जीमुळे जठराच्या अस्तराला सूज येते. तिथल्या पेशींतून जी रसायनं सुटतात ती आसपासच्या नसांना आणि स्नायूंना डिवचतात. २००१ साली इटलीतच झालेल्या एका अभ्यासात ॲलर्जी असलेल्या बाळांना दूध देऊन जठराच्या स्नायूंचे विद्युत संकेत मोजले गेले. दूध गेल्यावर जठराची लय बिघडली आणि ते रिकामं व्हायला जास्त वेळ लागला. म्हणजे टाकी वेळेवर रिकामी होत नाही, आणि वरून पुढचं दूध येतंय. ते वर येणारच.

इथून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दूध स्वतःच जठरातलं आम्ल सौम्य करतं. त्यामुळे पाजल्यानंतर लगेच जे वर येतं, ते बहुतेक वेळा फारसं आंबट नसतंच. मग आम्ल कमी करणाऱ्या औषधाने काय साधणार? २००९ साली १६२ बाळांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्या बाळांना लॅन्सोप्रॅझोल आणि निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच, पण औषध नसलेलं काहीतरी दिलं. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांचं रडणं कमी झालं. दोन्हीकडे अगदी सारखं! वर औषध घेतलेल्या गटात छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास जास्त दिसले. आम्हाला मिळालेले थेंब आम्ही नव्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी ते बंद केले. तुमचं औषध मात्र माझं ऐकून बंद करू नका. ज्यांच्या अन्ननलिकेला खरंच सूज आहे अशा बाळांना त्याची गरज असते.

ओळखायचं कसं?

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतला क्रम मला आवडला, कारण तो आपल्या डीबगिंगसारखाच आहे. आधी स्वस्त आणि निर्धोक उपाय. बाळाला एकावेळी फार पाजत नाही ना, ते बघा. थोडं थोडं, जास्त वेळा द्या. पाजून झालं की वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. तेवढ्याने भागलं नाही, आणि बाळाला खरंच त्रास आहे, तर दोन ते चार आठवडे गाईच्या दुधाची प्रथिनं पूर्ण बंद करून बघा. बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या आहारातून. डब्याचं दूध असेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास दूध, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आम्लाचं औषध त्याच्याही नंतर.

आणि शेवटची पायरी, जी बहुतेक घरांत गाळली जाते : बरं वाटल्यावर दूध पुन्हा सुरू करून बघायचं. त्रास परत आला तर ॲलर्जी. नाही आला तर नाही. भारतीय बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० सालच्या सूचनाही निदानासाठी हेच सांगतात, बंद करा आणि पुन्हा देऊन बघा. बग रिप्रोड्यूस झाल्याशिवाय आपण टिकेटवर मूळ कारण लिहीत नाही, तसंच. फक्त ज्या बाळाला गांध्या, सूज, श्वास असा ताबडतोबचा त्रास झालाय, त्याला घरी पुन्हा देऊन बघायचं नाही. ते दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर.

बाळंतिणीच्या ताटातून दूध काढणं

कागदावर "आईने दूध बंद करावं" ही एक ओळ आहे. आपल्या घरात ती अमलात आणून बघा. अळिवाची खीर दुधातली. शतावरी कल्प दुधात. रव्याची खीर, पेढे बघायला येणाऱ्यांच्या हातात. सकाळचा चहा, वरणावरचं तूप, कढी, ताक. तुपात प्रथिनं नगण्य असतात, पण प्रयोगापुरतं आम्हाला तेही बंद करायला सांगितलं होतं. ब्रेड आणि बिस्किटांतही दुधाचे घन पदार्थ असतात. एक बरं आहे, आपल्याकडच्या २०२० सालच्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर दूध असल्याचं ॲलर्जीच्या सूचनेत लिहावं लागतं. मी डांगे चौकातल्या दुकानात चष्मा वर करून पाकिटं वाचत उभा राहायचो. लोक मला पत्ता चुकलेला समजायचे.

बायकोने दोन आठवडे हे सगळं पाळलं. रात्री तीनदा उठून, कमी झोपेत, चहाशिवाय. आई खोबऱ्याच्या दुधात अळीव भिजवायला शिकली. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी (शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं), तिळाची चटणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. हे इतकं सविस्तर सांगतोय कारण पथ्य फुकट नसतं. त्याची किंमत आई मोजते. कारण नसताना ते सहा-आठ महिने चाललं, तर तिचं खाणं कमी होतं, ती थकते, आणि शेवटी "माझंच दूध बाळाला बाधतंय" या भावनेने अंगावर पाजणंच सोडून देते. ते नुकसान रिफ्लक्सपेक्षा मोठं आहे.

डब्यांचं राजकारण

ही भीती हवेतली नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक शोधलेख आला. इंग्लंडमध्ये २००६ ते २०१६ या काळात ॲलर्जीसाठीच्या खास दुधाच्या चिठ्ठ्या वर्षाला सुमारे १ लाख ५ हजारांवरून ६ लाखांवर गेल्या. दहा वर्षांत ॲलर्जी तेवढ्या पटीने वाढल्याचा पुरावा नव्हता. लेखाने दूध कंपन्यांचा प्रशिक्षणावर आणि मार्गदर्शक सूचनांवर असलेला प्रभाव दाखवून दिला.

आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची जाहिरात, मोफत नमुने, डॉक्टरांना भेटी, सगळ्याला बंदी. फोनवर डिस्काउंट कूपन आलं तरी हे लक्षात ठेवा.

डेन्मार्कमधला एक जुना अभ्यासही सांगण्यासारखा आहे. १९८५ साली जन्मलेल्या १७४९ बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. ३९ बाळांत दुधाची ॲलर्जी निघाली. त्यांतली फक्त नऊ निव्वळ अंगावर पिणारी होती, आणि त्या नऊही जणांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत प्रसूतिगृहात डब्याचं दूध पाजलं गेलं होतं. नऊ हा आकडा छोटा आहे, त्यावरून नियम काढता येत नाही. पण पहिल्या रात्री "थोडं वरचं देऊ का?" असं कोणी विचारलं, तर खरंच गरज आहे का हे विचारायला हरकत नाही. त्याच अभ्यासातली चांगली बातमी : ॲलर्जी असलेल्यांपैकी ५६ टक्के बाळं एक वर्षापर्यंत आणि ८७ टक्के तीन वर्षांपर्यंत बरी झाली.

दोन घरं, दोन उत्तरं

चाकणला एका गाडी कारखान्यात असलेल्या माझ्या मित्राचा मुलगा डब्याच्या दुधावर होता. उलट्या, गालांवर इसब आणि शीमध्ये रक्ताचे धागे. खास दुधावर तीन आठवड्यांत सगळं शांत झालं. डॉक्टरांच्या देखरेखीत पुन्हा नेहमीचं दूध दिलं, तिसऱ्या दिवशी रक्त परत दिसलं. ती खरी ॲलर्जी. आता तो दीड वर्षाचा आहे आणि भाजलेल्या बिस्किटातलं दूध त्याला चालतं. त्याच्या बाबतीत "टाकणारं बाळ वाढतं" म्हणत बसणं महागात पडलं असतं.

आमच्याकडे दहाव्या दिवसापासून लेक शांत झाली. टाकणं निम्म्यावर आलं. घरात जवळजवळ पेढे वाटायचे बाकी होते, अर्थात दुधाशिवाय. मी तर कारण सापडलं म्हणून मोकळा झालो होतो. डॉक्टर म्हणाल्या, "आता दूध सुरू करा." बायकोचा जीव वरखाली. इतक्या कष्टाने मिळवलेली झोप परत घालवायची? तरी तिने आधी अर्धा कप चहा घेतला, मग दही, मग तिसऱ्या दिवशी पेलाभर दूध. आम्ही आठवडाभर रोज वहीत लिहीत होतो.

काहीच झालं नाही. लेक तशीच शांत.

म्हणजे ॲलर्जी नव्हतीच. त्याच दोन आठवड्यांत आम्ही थोडं थोडं पाजायला आणि नंतर उभं धरायला लागलो होतो, आणि लेक चार महिन्यांची होऊन चढण संपली होती. एकाच रिलीजमध्ये तीन बदल केले आणि श्रेय एकालाच दिलं, असं झालं असतं. ऑफिसात ज्युनिअरला यावरून मी ओरडलो असतो. शेवटची पायरी गाळली असती तर बायको आज आठव्या महिन्यातही चहाशिवाय असती आणि लेकीच्या फाइलवर ॲलर्जीचा शिक्का असता.

हे दिसलं तर वाट बघू नका

उलटी हिरवी किंवा रक्ताची. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात जोरात, लांब उडणारी उलटी. पोट फुगलेलं आणि कडक. ताप, सुस्ती, टाळू वर आलेली. शीमध्ये रक्त. वजन घटणं. सू कमी होणं. सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झालेल्या उलट्या. यांतलं काहीही असेल तर हा लेख बंद करा आणि डॉक्टर गाठा.

आणि झोपेबद्दल एक. बाळ दूध टाकतं म्हणून त्याला पालथं किंवा उशीवर झोपवू नका. पाठीवर, सपाट, हेच सुरक्षित. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वरच्या बाजूला राहते, त्यामुळे घशाशी आलेलं दूध सहसा तिकडे जात नाही.

आजच्या भागाची तयारी करताना वही पुन्हा चाळली. त्यात बायकोच्या अक्षरात एक ओळ आहे, "दिवस तिसरा, पेलाभर दूध, रात्री दोन वेळा उठली, हसली." मी ते पान फाडून फ्रिजवर लावलंय.

तुमच्या घरी हा प्रयोग झाला असेल तर शेवटची पायरी केली होती का, हे मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत खांद्यावर कापड टाकायला विसरू नका.